विटांवरची खाट

शेवंतीआजी खाटेवर झोपायला तयार झाली ती एका अटीवर. शेवटची घरघर लागली की तिला उचलून जमिनीवर घ्यायचं, आणि घ्यायचं ते सुनेनं. मुलगा लवू पवईला एका इमारतीवर वॉचमन, त्याच्या ड्युटीचा काही नेम नाही. लेक सुलक्षणा कोकणात दिलेली. राहिली सून, सुगंधा. तिनं तोंड भरून हो म्हटलं.

मी माणिक, त्यांची शेजारीण. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक पत्रा. मी ब्लाउज शिवते. माझ्या मशीनची टकटक त्यांना ऐकू येते आणि त्यांची भांडणं मला. त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही.

आजी आयुष्यात कधी खाटेवर झोपली नव्हती. गावी अंगणात पडून मांडीचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही, तेव्हा लवूनं तिला मुंबईला आणली. ती आली तीच उचलून. खालच्या रस्त्यापासून आमच्या चाळीपर्यंत पायऱ्या चढून, खुर्चीत बसवून. खुर्ची पुढून लवूनं धरली आणि मागून सुगंधानं. सगळी चाळ दारात उभी राहून बघत होती. मीही होते त्यात.

सुगंधाला असलं उचलणं नवीन नव्हतं. ती स्टेशनजवळच्या एका नर्सिंग होममध्ये आया होती. लग्नाआधी लागली ती तिथेच. गिरणीचा संप फिसकटून लवू घरी बसला तेव्हा तिच्या एकटीच्या जिवावर चूल पेटत होती. बाई दिसायला काडी, पण पहिलवानासारखा पेशंट एकटी उठवून बसवायची. पेशंट उठवायची तिची एक रीत होती. पेशंटच्या काखेखालून हात घालायचे, त्याचं कपाळ आपल्या खांद्यावर घ्यायचं, आणि म्हणायचं, "धरा मावशीला." पेशंट गळ्याला मिठी मारायचा आणि ही त्याला वर ओढायची. बेडपॅन द्यायला उचल, चादर बदलायला उचल, कुशीवर वळव, परत सरळ कर. इमारतीला लिफ्ट नाही, ऑपरेशनची खोली वरच्या मजल्यावर. पेशंटचे नातेवाईक मोसंब्यांची पिशवी हातात धरून बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, मावशी, जरा सांभाळून हं. मावशीला सांभाळून म्हणणारा मात्र मला कधी भेटला नाही.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. ही म्हण काढणाऱ्यानं कष्टाचं दुखणं बघितलेलं नसणार. ते मुंगीच्याच पावलानं येतं आणि जायचं नाव घेत नाही. माझंच बघा, पायमशीन मारून मारून गुडघे असे झालेत की पाऊस पडायच्या आधी मला कळतं. सुगंधाचं आधी कमरेत नुसती चमक. मग सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला हात. मग डाव्या पोटरीत मुंग्या. ती जुन्या लुगड्याची पट्टी कमरेला करकचून बांधायची, वरून साडी नेसायची आणि पायऱ्या उतरून कामाला जायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "काय नाय ओ, वारा धरलाय."

त्यात घरी आजी. आजी जमिनीवर, तिची गोधडी जमिनीवर, तिचं सगळं जमिनीवर. नर्सिंग होममधला पेशंट निदान कमरेच्या उंचीला असतो. इथे सुगंधानं ओणवं व्हायचं, बसायचं, आजीला पुसायचं, वळवायचं, वेणी घालायची, आणि मग उठायचं. ते उठणं मला पत्र्याआडून ऐकू यायचं. दात आवळून ती एक हुंकार द्यायची. माझी मशीन आपोआप थांबायची. दर वेळी वाटायचं, आता ही उठत नाही.

शेवटी एकदा तिनं नर्सिंग होममधल्याच डॉक्टरला पाठ दाखवली. त्यानं एक्सरे बघितला, मणक्यातली गादी सरकली म्हणाला. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. एवढं सांगून झालं आणि दुसऱ्या वाक्याला म्हणाला, "जाता जाता बारा नंबरला बेडपॅन देऊन जा." हे सुगंधानंच मला हसत हसत सांगितलं. मला नाही हसू आलं. मी त्या डॉक्टरच्या सात पिढ्या काढल्या. ती म्हणाली, "जाऊ दे ना माणिकताई, त्यांची जुनी खाट देतायत ते मला. फुकट."

ती लोखंडी खाट आली. आमच्या चाळीतला नंदकुमार, रेशनच्या दुकानावर गोणी उचलतो तो, त्यानं ती डोक्यावर घेऊन वर चढवली. तरीही ती सुगंधाला बुटकीच पडत होती. मग कोपऱ्यात पडलेल्या विटा आणून प्रत्येक पायाखाली दोन-दोन दिल्या. खाट सुगंधाच्या कमरेला लागली. आता वाकायला नको. सुगंधा इतकी खूश झाली की तिनं रिकाम्या खाटेवरून दोनदा हात फिरवला.

आजी मात्र बघायलाही तयार नव्हती.

"खाटयेर मेल्यार जीव ना वर जाता, ना खाली," ती म्हणाली. "मधीच लोंबकाळता. माजो घोव तसोच गेलो, हास्पिटलाच्या खाटयेर. अजून माज्या सपनात येता, नि पाय टेकूक जागा सोधता. माका तसा नको."

बापाचं असं मरण निघालं तसा लवू वैतागला. "अगो आये, मरायच्या गोष्टी कशाला करतंस? झोपायला आणलीय खाट."

"झोपता झोपताच मरतत माणसां," आजी म्हणाली. जमिनीवर घेण्याची रीत आमच्यातही आहे. माझ्या सासऱ्यांना घेतलं होतं. ज्या भुईवर माणूस आला तिच्यावर पाठ टेकून, तोंडात पाणी आणि तुळशीचं पान घेऊन त्यानं जावं. यात कोणाचं काही बिघडत नाही.

सुगंधा मुंबईत वाढलेली, ती सासूशी आपल्या साध्या मराठीतच बोलायची. ती खाटेजवळ उभी राहून म्हणाली, "आये, तुम्ही खाटेवर झोपा. माझ्या पाठीसाठी झोपा. वेळ आली की मी तुम्हाला खाली घेईन. अख्ख्या वॉर्डाला उचलते, तुम्हाला नाय उचलणार?"

आजीनं तिच्याकडे बोट रोखलं. "तूच घेतलं पायजे. परक्याचो हात नको."

"मीच घेईन."

म्हातारी खाटेवर गेली. माझ्यासमोर गेली, म्हणून सांगते, ती स्वतःच्या आरामासाठी नाही गेली. सुनेला वाकायला लागू नये म्हणून गेली. सासू-सुनेचं पटत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या चाळीत येऊन बघायला हवं होतं.

वर्षभर ठीक चाललं. आजी उंचावरून खिडकीतून बाहेर बघायची आणि मला खालच्या नळावर कोण कोणाशी भांडतंय याची बातमी द्यायची. सुगंधाच्या पाठीला थोडा उतार पडला. पण घरचं वाकणं सुटलं म्हणून नर्सिंग होमचं उचलणं थोडंच सुटलं होतं? गणपती होऊन गेल्यावर एक दिवस ती रिक्षातून आली. आमच्या चाळीतलं कोणी रिक्षातून आलं की समजायचं, काहीतरी झालंय. जिन्यावरून एका अवजड बाईला खुर्चीतून खाली आणताना वॉर्डबॉयचा हात सुटला. सगळं वजन सुगंधावर आलं. तिनं खुर्ची सोडली नाही. बाईला खरचटलंसुद्धा नाही. सुगंधाचा डावा पाय मात्र त्या दिवसापासून फरफटायला लागला.

लवू तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला आणि परत आला तो ओरडतच. राग तिच्यावर नव्हता, पण निघाला तिच्यावर. गरिबाचा राग घरातच निघतो. "डॉक्टर काय बोलला ऐकलंस ना? परत वजन उचललंस की पाय गेला! कायमचा! मग बसशील लोळत. वाट लागली आपली, समजलं?"

आजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सगळ्यांना वाटलं झोपलीय.

त्यानंतर तिनं जेवण कमी केलं. आधी रात्रीचं बंद केलं. मग दुपारी भाताची चार शितं. पेज दिली तर अर्धी वाटी. सुगंधा काठीच्या आधारानं चूल सांभाळायची आणि रडकुंडीला यायची. कधी सोलकढी कर, कधी बांगड्याचं तिखलं कर. म्हातारी मान हलवायची. "जेवक नको माका. पोट भरला." हनुवटीची हाडं दिसायला लागली. लवूनं टॉनिकची बाटली आणली, ती तशीच फळीवर राहिली.

एके दिवशी सुगंधा पाठ शेकायला गेली होती आणि मी आजीजवळ बसले होते. मी सरळ विचारलं, मला आडवळणानं बोलता येत नाही. "काय गं म्हातारे, उपास कसले करतेस? सुनेला छळायचं आहे का?"

आजीनं दाराकडे बघून घेतलं. मग माझा हात स्वतःच्या दंडावर ठेवला. दंड कसला, नुसती कातडी.

"बघ," ती म्हणाली. "हलकी झालंय मा? तिका माका उचलूची लागतली गो. तिच्या पाठीत आता जीव खंय आसा? जड मढा तिणा कसा उतरवचा?"

मी तिचा हात धरून बसले आणि रडले. दुसऱ्या कोणापुढे मी अशी रडले नसते. मग राग आला. मी म्हटलं, "सोडव की मग तिला त्या वचनातून. मी उतरवीन, नंदकुमार उतरवील. दहा माणसं आहेत चाळीत."

"सोडवलंय असता," आजी म्हणाली. "पण मग तिका काय वाटतला? घरात माका तिणाच केल्यान सगळा. शेवटाक परको हात लागलो तर तिका जन्मभर खुपतला."

मी सुगंधाला हे सांगितलं. सांगायलाच हवं होतं. ती काठी टाकून आत गेली आणि आजीच्या तोंडासमोर पेजेची वाटी धरून ओरडली, "खा! खा म्हणते ना! मी मेलेय का? हत्तीएवढ्या झालात तरी उचलीन मी तुम्हाला!" आजीनं दोन घोट घेतले. दोघी रडत होत्या. मी पत्र्याअलीकडे आले, मशीनवर बसले, आणि एका ब्लाउजला बाही उलटी लावली.

पण गेलेलं अंग भरत नाही. दिवाळी तोंडावर आली होती, माझ्याकडे कपड्यांचा ढीग. दुपारची वेळ, लवू पवईला. पत्र्यापलीकडून सुगंधाचा आवाज आला, "आये? आये, इकडे बघा." मग काहीतरी ओढल्याचा आवाज, आणि मग तिची किंकाळी. मी उठेपर्यंत ती माझ्या दारात होती. भिंत धरून, एका पायावर, दुसरा पाय मेल्यासारखा मागे. चेहरा पांढरा.

"माणिकताई, घरघर लागलीय. मला होत नाय. चला, उचला. कोणाला तरी बोलवा."

मी नंदकुमारला हाक मारली. तो दुपारचा जेवायला घरी आला होता, खरकट्या हातानंच धावला. सुगंधाला मी कमरेत धरली. पाच-सहा पावलं काय ती. त्या पाच-सहा पावलांत तिनं मला सांगितलं, "मी हात घातले काखेखालून, कपाळ खांद्यावर घेतलं, म्हटलं, धरा आये. त्यांनी धरलंच नाय ओ. हात मागे ओढून घेतले. मी तरी ओढलं. तर कमरेत कट्कन..."

आम्ही आत गेलो. खाट रिकामी होती.

आजी खाली होती. आधी तिनं गोधडी खाली टाकली होती, तिची घडी अर्धी उलगडलेली. तिच्यावर ती पडली होती, अर्धी गोधडीवर, अर्धी फरशीवर. एका हाताची बोटं अजून खाटेच्या लोखंडी दांडीला अडकलेली होती. कपाळाला खोक पडून रक्त येत होतं. सुनेची पाठ वाकू नये म्हणून ठेवलेल्या विटा, तेवढ्या उंचीवरून म्हातारी एकटी उतरली होती.

श्वास चालू होता. नंदकुमारनं तिची बोटं दांडीपासून सोडवली, आम्ही तिला सरळ केलं. मी म्हटलं, पाणी. सुगंधानं फळीवरचा गंगेचा गडू घेतला, खिडकीतल्या डब्यातलं तुळशीचं पान तोडलं, आणि आजीजवळ येऊन उभी राहिली. उभीच राहिली. तिला खाली बसता येईना. गुडघे वाकेनात, कंबर वाकेना. हातात गडू, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी हात पुढे केला, म्हटलं दे, मी घालते. "नाही," ती म्हणाली.

तिनं गडू माझ्याकडे दिला, भिंतीला पाठ लावली आणि स्वतःला सोडून दिलं. ती धाडकन पडली. मग सरपटत आजीच्या शेजारी आली आणि कुशीवर वळून तिच्या तोंडाशी तोंड आणून आडवी झाली. मी गडू तिच्या हातात दिला. तिनं आडव्यानंच दोन बोटं बुडवून आजीच्या ओठांवर पाणी सोडलं. अर्धं फरशीवर गेलं. पान जिभेवर ठेवलं. आजीनं डोळे उघडले. इतक्या जवळ सुनेचा चेहरा तिला बहुधा धूसरच दिसला असेल, पण ओळखला.

"उतरवलंस गो बाय माका," ती म्हणाली. शब्द स्पष्ट होते, मी आणि नंदकुमार दोघांनी ऐकले. "बरां केलंस."

सुगंधा "आये, मी नाय, आये" म्हणत राहिली. तेवढ्यात म्हातारी गेली.

आजीला उचलायच्या आधी आम्हाला सुगंधाला उचलावं लागलं. नंदकुमारनं काखेखालून हात घातले, मी पाय धरले. तिला खाली ठेवता येत नव्हतं, आणि घरात दुसरी जागा नव्हती. आम्ही तिला त्याच खाटेवर ठेवलं. सासूची अंघोळ, सासूला नेसवलेलं लुगडं, सासूला घेऊन माणसं पायऱ्या उतरून गेली ते, सगळं तिनं उंचावरून मान वळवून बघितलं. सासूच्या पाया पडायला तिला खाली येता आलं नाही. तिच्या वतीनं मी पडले.

तिसऱ्या दिवशी सुलक्षणा आली, लवूची बहीण. एसटीनं रात्रभर बसून आलेली, डोळे सुजलेले. दारातच बसली आणि पहिलं तेच विचारलं.

"आयेक येळार खाली घेतलात मा? कोणी घेतल्यान?"

लवूनं माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हटलं, "सुगंधानं." त्यात काही खोटं आहे असं मला आजही वाटत नाही. मरणाऱ्या बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, त्याच्यावर मी कोण बोलणार?

"नाय," खाटेवरून सुगंधा म्हणाली. "मी नाय घेतलं. मी उचलायला गेले तर त्यांनी मला हात लावू दिला नाय. माझी पाठ वाचवली आणि आपल्या आपण पडल्या. साऱ्या दुनियेला उचललं मी, सुलक्षणाताई. ज्यांची नावं माहीत नाय त्यांना उचललं. आणि आयेला नाय उचलू शकले."

सुलक्षणा उठली आणि खाटेजवळ गेली. मला वाटलं आता बोलेल काहीतरी लागणारं, नणंदच ती. तिनं वहिनीच्या कपाळावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

तेरावं झालं, सुलक्षणा गेली. सुगंधाला अजून उठता येत नव्हतं. नर्सिंग होमनं दुसरी आया ठेवली होती, तसा निरोप आला. एका संध्याकाळी मी तिला चहा पाजत होते. लवू नुकताच ड्युटीवरून आला होता. ती म्हणाली, "माणिकताई, एक काम करा. खाटेच्या विटा काढा."

मी म्हटलं, "अगं वेडी का तू? आता तुझं करायला आम्हाला वाकायला लागेल. माझे गुडघे माहितीयत ना? आणि लवूची कंबर तरी किती दिवस टिकणार?"

"लागू दे," ती म्हणाली. "मला उंचावर नाय राहायचं. काढा."

लवूनं शर्ट काढला, खाटेचा एक कोपरा सुगंधासकट उचलून धरला, मी विटा ओढून काढल्या. मग दुसरा कोपरा. मग पायाकडचे दोन. प्रत्येक वेळी खाट हिसका देऊन खाली यायची आणि ती ओठ चावायची. शेवटच्या विटेवर आजीचं रक्त वाळलेलं होतं. मी ती लवूच्या नजरेआड केली.

सुगंधानं कुशीवर वळून हात खाली सोडला. बोटं जमिनीला लागली. तिनं फरशी चाचपून बघितली, आजी जिथे पडली होती तिथेच.

"पोचतो आता हात," ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती हंबरडा फोडून रडली. लवूही तिच्याजवळ जमिनीवर बसून रडला. मी ती रक्ताची वीट पदरात घेऊन बाहेर आले.